पांढऱ्या पडद्यासमोर बुलबुल

गल्लीत त्यांना सगळे सरळबघा म्हणत. तोंडावर काका, पाठ वळली की सरळबघा. एकेचाळीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीसमोरच्या आठ बाय दहाच्या दुकानात पासपोर्ट साइजचे फोटो काढले, आणि स्टुलावर येऊन बसलेल्या प्रत्येक माणसाला तीनच वाक्यं ऐकवली. सरळ बघा. हसू नका. हलू नका. शेवटी "किती कॉपी?" असंही विचारत, पण ते आपलं विचारायचं म्हणून. उत्तर काहीही आलं तरी आठच मिळायच्या. कागदावर आठच बसतात, त्याला ते तरी काय करणार.

अर्धं शहर त्यांच्या फोटोत नुकतंच पकडून आणल्यासारखं दिसायचं, आणि याचा त्यांना अभिमान होता. दोन्ही कान दिसले पाहिजेत, मागे पांढरा पडदा पाहिजे, चेहऱ्यावर काही असता कामा नये. त्यांचा फोटो कचेरीतून परत आला असं इतक्या वर्षांत दोनदाच झालं. एकदा गिऱ्हाइकाला ऐनवेळी शिंक आली, आणि एकदा जुळ्या बहिणींची पाकिटं बदलली. स्वतःच्या लग्नाचा अल्बम पहिल्यांदा हातात आला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, की मागे फार गर्दी आहे. बायकोने हे वाक्य जपून ठेवलं होतं आणि वर्षातून दोनदा तरी पाहुण्यांना ऐकवायची.

मग कचेरीनेच आपल्या खिडक्यांवर कॅमेरे बसवले. सरळबघांनी दुकान बंद केलं आणि कॅमेरा, स्टूल, पांढरा पडदा आणि प्रिंटर घरी आणला. प्रिंटरला जागा नव्हती म्हणून तो जेवणाच्या टेबलावर गेला, आणि तेव्हापासून दोघं उरलेल्या अर्ध्या टेबलावर जेवू लागली.

बायको एकोणतीस वर्षं टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर होती. वस्तू नुसती हातात घेऊन ती वजन सांगायची आणि बोलतानाही शब्द तोलूनच वापरायची. स्वयंपाकघराच्या मागे बारा पावलं लांब आणि सात पावलं रुंद अशी बाग होती. तिथलं झाड न् झाड तिने लावलेलं. सरळबघांचा बागेशी संबंध वाळत घातलेले कपडे काढण्यापुरता.

हिवाळ्यात बागेच्या ओल्या पायरीवरून तिचा पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, "पायऱ्या आता विसरा." बागेत उतरायला तीनच पायऱ्या होत्या. पण तीन म्हणजेही पायऱ्याच. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागली, आणि बाग खिडकीएवढी झाली.

पुढचं सगळं मुलीने ठरवलं. तिचं घर नवव्या मजल्यावर होतं, तिथे लिफ्ट होती आणि दाराला उंबरासुद्धा नव्हता. इथलं घर विकलं गेलं. घेणारा माणूस भला होता. मागे फरशी घालून दोन गाड्या लावणार असं त्याने अगदी नम्रपणे सांगितलं आणि टेप धरून मापं घेतली. टेपचं दुसरं टोक सरळबघांनीच धरलं होतं. महिन्याच्या तीस तारखेला किल्ल्या द्यायच्या होत्या.

बायकोने हे सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, "अहो, मला एक काम करून द्या."

"काय?"

"बागेत जे जे कोणी येतं, त्या सगळ्यांचे फोटो काढून द्या. मला वर न्यायचेत."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे. थंडी सरलीये, आता सगळे घरीच असतात."

सरळबघांना मनापासून बरं वाटलं. ती पडल्यापासून तीन महिने ते पाण्याचा ग्लास आणि गोळ्या देण्यापलीकडे कशाच्या कामाला आले नव्हते, आणि ते त्यांना आतून खात होतं. आज कोणीतरी पुन्हा त्यांच्या हाताला फोटोचं काम दिलं होतं. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बागेत उतरले.

बागेच्या मधोमध त्यांनी दोन काठ्या रोवल्या, त्यांच्यामध्ये पांढरा पडदा ताणला, पुढे दुकानातलं स्टूल ठेवलं आणि त्यावर मूठभर धान्य टाकलं.

चिमण्या पाच आल्या. "एका वेळी एक," सरळबघा म्हणाले. कोणी ऐकलं नाही. पारव्याने वेगळीच पंचाईत केली. तो बाजूने पारवा दिसायचा, पण सरळ बघितलं की चोचीचा ठिपका व्हायचा आणि चेहरा नाहीसा व्हायचा. त्यात कानांचा प्रश्न होताच.

"अगं," त्यांनी खिडकीकडे तोंड करून विचारलं, "पक्ष्यांना कान कुठे असतात?"

"आत."

"मग दिसणार कसे?"

"त्यांना ऐकू येतं. तुमचं काय अडलंय?"

खारीने तर त्यांच्या नाकी नऊ आणले. दोनशे बारा फोटो काढले आणि सगळ्यांत शेपटीच आली. गोगलगाय मात्र गुणी निघाली. अकरा मिनिटं जागची हलली नाही, हसण्याचा प्रश्न नव्हता, फक्त तिची पुढची बाजू कुठली हे ठरवायला वेळ लागला. नळाखालच्या बेडकाला त्यांनी वाटीत धरून स्टुलावर ठेवलं. तो इतकं सरळ बघत होता, की त्यांनी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली.

पण खरं गिऱ्हाईक म्हणजे कावळा. तो पहिल्याच दिवशी स्टुलावर येऊन उभा राहिला, सरळबघांनी पुढे केलेला बिस्किटाचा तुकडा पटकावला आणि थेट भिंगात बघितलं. मान ताठ, पंख मिटलेले, चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्या दिवशी पडदा लागल्याबरोबर पुन्हा हजर, तिसऱ्याही दिवशी. सरळबघा रोज पडदा लावायचे आणि रोज त्याला बिस्किट द्यायचे. फोटोची गरज उरली नव्हती, पण माणसाला कुठेतरी मान मिळाला की आवडतं.

"त्याला लाडावू नका," बायको खिडकीतून म्हणाली.

"शिस्तीचा आहे," सरळबघा म्हणाले.

आठवड्याने त्यांनी सगळे फोटो छापले आणि तिच्यासमोर मांडले. तिने चष्मा लावला.

"हे काय आहे?"

"चिमणी."

"ते कळतंय. आठ कशाला?"

"कागदावर आठ बसतात."

तिने पुढचा कागद उचलला. "हा पारवा चोरी करताना सापडल्यासारखा का दिसतोय?"

"सरळ बघतोय."

"आणि माझी बाग कुठंय?"

"मागे."

"मागे कुठे? मागे चादर आहे."

"पडदा आहे तो," सरळबघा म्हणाले, आणि मग नव्या गिऱ्हाइकाला समजावतात तसं शांतपणे सांगू लागले, की मागचं काही दिसता कामा नये, नाहीतर कचेरी फोटो घेत नाही.

"कुठली कचेरी?"

तिने सगळे कागद कडेला कड जुळवून एकत्र केले, त्यांना रबरबँड लावला आणि म्हणाली, "थँक यू." त्या घरात कोणी कोणाला थँक यू म्हणत नसे. सरळबघांना ते तोंडात मारल्यासारखं लागलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर भिंतीवर एक वेल चढली होती. काचेपासून हातभर अंतरावर, त्या वेलीत, बुलबुलाच्या जोडीने घरटं बांधलं होतं. आत तीन अंडी होती, गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची. मादी त्यांच्यावर बसायची आणि बायको खिडकीशी बसायची. मादी किती वाजता उठते, किती वेळाने परत येते, नर जवळपास आहे की उंडारतोय, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. पार्सलच्या खिडकीवर इतकी वर्षं काढलेली बाई, तिने हिशेबही करून ठेवला होता. पंधरा तारखेच्या आसपास पिल्लं बाहेर येणार, अठ्ठावीसपर्यंत उडणार. घर सोडायचं तीस तारखेला. दोन दिवस हातात उरत होते.

"ती उडालेली बघितली की मी मोकळी," ती म्हणाली. "मग मला कुठेही न्या, मी एका शब्दाने बोलणार नाही. आणि एक ऐका. तिच्या वाटेला जायचं नाही. तिचा फोटो नसला तरी चालेल."

सरळबघांनी मान हलवली. पण यादीत एक नाव राहिलं होतं, आणि राहिलेलं नाव त्यांना सुखाने बसू देईना. सगळ्यांचे म्हणाली होती. शिवाय ते थँक यू अजून बोचत होतं. असा एक फोटो काढू, त्यांनी ठरवलं, की बघताना हिचे हात थांबले पाहिजेत.

नऊ तारखेला दुपारी ती औषध घेऊन झोपली. सरळबघा पडदा घेऊन बागेत आले. वेलीची पानं घरट्यावर लोंबत होती. त्यांनी ती एकेक करून बाजूला घेतली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी वेलीच्या आधाराच्या तारेला अडकवली. अकरा चिमटे लागले. तिसऱ्याच चिमट्याला मादी उडाली. येईल परत, ते मनात म्हणाले, गिऱ्हाईक चहाला जातं आणि येतंच. मग त्यांनी घरट्याच्या मागे भिंतीवर पडदा ताणला आणि फोटो काढला. तीन अंडी, मागे स्वच्छ पांढरं, सावलीचा ठिपका नाही. एकेचाळीस वर्षांत इतका साफ फोटो त्यांना जमला नव्हता.

आता फक्त मादी यायची होती. ते कॅमेरा धरून उभे राहिले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मादी आली नाही. आला तो कावळा.

तो कुंपणाच्या भिंतीवर उतरला, मान ताठ केली आणि सरळ बघू लागला. पांढरा पडदा लागला म्हणजे खायला मिळतं, हे त्याला चांगलंच माहीत होतं. शिकवलं कोणी, हेही सरळबघांना माहीत होतं. पडद्यापुढे तीन अंडी उघडी होती.

तेवढ्यात खिडकी उघडली. बायको वॉकरला धरून उभी होती. तिने पडदा बघितला, चिमटे बघितले, घरटं बघितलं.

"ती कधी उठली?"

"सव्वातीनला."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. चारला पाच कमी होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, ती कधी ओरडत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि आज पहिल्यांदा तिने ओरडावं असं त्यांना वाटलं.

"चादर काढा," ती म्हणाली.

त्यांनी चादर काढली. चिमटे एकेक करून सोडवले. पानं हाताने परत जागेवर बसवली, पण दुमडलेली पानं काही बसेनात. शेजारच्या तारेवर बुलबुलाची जोडी जीव तोडून ओरडत होती. सरळबघा घरट्याला पाठ लावून, कावळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"तुम्ही तिथे उभे असेपर्यंत ती यायची नाही," बायको म्हणाली.

"मी हललो तर हा येईल."

"हो."

मग तिने अंतर जोखलं, पार्सल जोखावं तसं.

"स्टूल घ्या आणि त्या टोकाला ठेवा. कावळ्याला तुम्ही दिसायला हवेत आणि हिला नडता कामा नये. तिथे बसा."

"किती वेळ?"

"ती येईपर्यंत. आणि हलू नका."

त्यांनी कॅमेरा खिडकीतून तिच्या हातात दिला, स्टूल उचललं, आणि बागेच्या टोकाला जाऊन घरट्याकडे तोंड करून बसले.

त्या स्टुलावर ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. बसल्याबरोबर त्यांना कळलं, की त्याचा एक पाय आखूड आहे. फार नाही, अर्धं बोट असेल. पण श्वास घेतला तरी ते डुगडुगायचं. एकेचाळीस वर्षं अर्धं शहर या स्टुलावर बसून तोल सावरत होतं, आणि ते कॅमेऱ्याआडून म्हणत होते, हलू नका. सरळबघांना कानकोंडं झालं. एका म्हातारीला त्यांनी चार वेळा झापलं होतं, ती आठवली.

मग नाक खाजू लागलं. नंतर घोट्यावर मुंगी चढली. कावळा भिंतीवर होता, त्यामुळे ते नाकाला आणि मुंगीला तसंच सोडून बसून राहिले.

पाऊण तासाने त्यांच्या लक्षात आलं, की बागेत बरीच गडबड चालू आहे. त्यांच्या उजव्या हाताला निळ्या फुलांचं झुडूप होतं आणि त्यात मधमाश्या शिरत होत्या, आणि बाहेर येताना त्यांच्या पायांना पिवळं लागलेलं असायचं. दोनशे बारा वेळा नुसती शेपटी दाखवलेली खार बुटाजवळ येऊन पुढच्या दोन पायांत काहीतरी धरून खात बसली. चिमण्यांची भांडणं लागली होती. नळाखाली बेडूक परत आपल्या जागी होता. कोणी सरळ बघत नव्हतं, जो तो आपल्या कामात. रोज पडदा ताणून त्यांनी जे झाकलं होतं, ते सगळं हेच होतं. म्हणजे ती हे मागत होती, ते मनात म्हणाले, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

पाच वाजले. अंडी गार होत असणार. ही नवव्या मजल्यावर जाईल, लिफ्टने जाईल, उंबऱ्याला न अडखळता आत जाईल, आणि तीन गार अंडी मनात घेऊन बसेल. त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. मुलीलाही सांगणार नाही. मरेपर्यंत मला चहा विचारेल आणि हे विचारणार नाही. या विचाराने ते जागच्या जागी सरकले, आणि स्टूल डुगडुगलं. कावळ्याने मान वळवली. सरळबघांनी श्वास धरला. शेवटी कावळ्याला पटलं, की आज बिस्किट नाही, आणि तो उडून गेला.

पावणेसहाला मादी तारेवरून भिंतीवर आली, भिंतीवरून वेलीवर, आणि परत तारेवर. असं तीनदा. चौथ्यांदा ती दुमडलेल्या पानांत शिरली आणि दिसेनाशी झाली. सरळबघांना इतक्या लांबून काही कळेना. उठता येईना, विचारता येईना. ते नुसते बघत राहिले.

मग खिडकीतून, जेमतेम ऐकू येईल असा, बायकोचा आवाज आला. "बसली."

सरळबघांचं तोंड उघडलं. पुढे त्यांच्या चेहऱ्याने काय काय केलं ते त्यांना समजलं नाही, कारण चेहऱ्यावर असं काही होऊ द्यायची त्यांना सवय नव्हती. गालावरून पाणी येतंय एवढं कळलं. खिडकीशी कट्ट असा आवाज झाला. तोही त्यांच्या लक्षात आला नाही.

सोळा तारखेला दोन पिल्लं बाहेर आली. तिसरं अंडं तसंच राहिलं. "कधी कधी होतं असं," बायको म्हणाली. हे ती त्यांच्यासाठी म्हणतेय हे त्यांना कळत होतं. ते रोज सकाळी त्या अंड्याकडे एकदा बघून यायचे. अठ्ठावीसला एक पिल्लू उडालं. दुसरं एकोणतीसला सकाळी वेलीच्या टोकाशी आलं, बराच वेळ विचार केला आणि धडपडत कुंपणापार गेलं. ते गेलं तेव्हा बायको वॉकर सोडून उभी होती. तिच्या लक्षात आलं नाही, आणि सरळबघांनी तिला सांगितलं नाही. पडलीच तर सावरायला नुसते तिच्या पाठीमागे हात धरून राहिले.

तीस तारखेला किल्ल्या दिल्या. पांढरा पडदा प्रिंटरभोवती गुंडाळला, म्हणजे वाटेत ओरखडे पडू नयेत.

नवव्या मजल्यावर स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती. तिच्यातून आकाश दिसायचं आणि समोरच्या इमारतीचा नववा मजला. बायको तिथे खुर्ची टाकून दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी तिने कॅमेरा मागून घेतला, त्यातला एक फोटो शोधून सरळबघांपुढे धरला आणि म्हणाली, "हा छापा."

सरळबघांनी चष्मा लावला आणि धंद्याच्या नजरेने बघितलं. डोळे अर्धे मिटलेले. कान एकच. तोंड उघडं, त्यात दोन दात नाहीत हे स्पष्ट दिसतंय. गाल ओले. एक खांदा खाली, कारण स्टूल. मागे निळी फुलं, कुंपण, कपड्यांची दोरी, एक विसरलेला मोजा आणि सगळीकडे कसलाही नीटनेटकेपणा नसलेलं हिरवं. कोपऱ्यात तिचं स्वतःचं बोट.

"हा परत येईल," ते म्हणाले.

"का? सरळ तर बघताय."

ते खरं होतं. घरटं खिडकीशेजारीच असल्याने ते जवळजवळ भिंगातच बघत होते. त्यांनी प्रिंटर चालू केला. हात सवयीने आठावर गेला.

"एकच," ती म्हणाली. "मोठा."

त्या प्रिंटरमधून एका कागदावर एकच फोटो बाहेर पडायची ही पहिलीच वेळ. खिडकीसमोरच्या भिंतीवर सरळबघांनी तो स्वतः लावला. स्टुलावर चढून लावला, आणि चढण्याआधी कावळ्याच्या आठ कॉप्यांची घडी घालून त्याच्या आखूड पायाखाली सरकवली. स्टूल आता हलत नव्हतं.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली, चप्पल काढता काढता थबकली आणि फोटोजवळ गेली.

"आई, यात बुलबुल कुठंय?"

"नाहीये."

"मग? बाबांचं तोंड बघ कसं झालंय. हा कसला फोटो?"

"बागेचा," ती म्हणाली, आणि तिने वॉकर धरून खुर्ची खिडकीकडून त्या भिंतीकडे वळवून घेतली.